ल्युकेमियाच्या निदानानंतर बावीस वर्षांनी आलेली गाठ : नागपुरातलं एक प्रकरण

वैशाली हे तिचं खरं नाव नाही. वस्ती, नोकरीचं ठिकाण आणि घरातल्या माणसांचे काही तपशीलही बदलले आहेत. मजकूर तिने वाचला आहे आणि तिच्या संमतीनेच तो इथे देतो आहे. तिचं ऑपरेशन झालं त्या नागपुरातल्या रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेवक आहे. त्यामुळे डॉक्टरांच्या नोंदींइतकंच घरच्यांचं बोलणंही कानावर पडत गेलं, आणि या प्रकरणात उशीर नेमका कुठे झाला हे त्या बोलण्यातूनच कळतं.

पार्श्वभूमी

२००० च्या पावसाळ्यात वैशाली चार वर्षांची होती. ताप उतरेना, मांड्यांवर निळे डाग पडले, चेहरा पांढराफटक दिसू लागला. वस्तीतल्या डॉक्टरांनी आठवडाभर टायफॉइड समजून औषध दिलं. मग रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे अक्यूट लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया निघाला. मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग हाच.

उपचार एमसीपी-८४१ या पद्धतीने झाले. मुंबईचं टाटा मेमोरियल, चेन्नईचं अड्यारचं कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं एम्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या मदतीने १९८० च्या दशकात ही पद्धत इथे रुजवली, आणि पुढे कितीतरी वर्षं देशभरातल्या मुलांना तीच दिली गेली. व्हिंक्रिस्टीन, प्रेडनिसोलोन, अॅस्परॅजिनेज, डॉनोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड, पाठीच्या मणक्यातून मेथोट्रेक्सेट. आणि डोक्याला किरणोपचार, म्हणजे घरोघरी ज्याला ‘शेक’ म्हणतात ते. वैशालीला १८ ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं माप) मिळाले, दहा बैठकांत.

ल्युकेमियाच्या पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यात दडून बसतात आणि शिरेतून दिलेली बरीचशी औषधं तिथवर पोचत नाहीत, म्हणून डोक्याला शेक. १९६० च्या दशकात अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधांच्या जोडीला हा उपाय सुरू केला, तेव्हा कुठे निम्म्याच्या आसपास मुलं बरी व्हायला लागली. त्याआधी जवळपास सगळीच जात. आज बहुतेक मुलांना मणक्यातून औषधं आणि मेथोट्रेक्सेटचे मोठे डोस देऊन शेक टाळता येतो. २००० साली इथे तशी सोय सर्रास नव्हती. तेव्हाच्या डॉक्टरांवर खापर फोडण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

अडीच वर्षांनी उपचार संपले. पुढची पाच वर्षं तपासण्या झाल्या आणि २००८ मध्ये वडिलांना सांगण्यात आलं, पोरगी बरी झाली, आता यायची गरज नाही. वैशाली तेव्हा बारा वर्षांची होती. बालरोग विभागाचं वय संपलं होतं, आणि मोठ्यांच्या कुठल्या विभागात पाठवायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. मुंबईत टाटाला उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं बाह्यरुग्ण केंद्र चालतं. नागपूरच्या या घराला त्याचा पत्ता नव्हता, आणि असता तरी दरवर्षी रात्रभराच्या गाडीने मुंबई गाठणं सायकल-मोपेड दुरुस्तीच्या दुकानावर जगणाऱ्या माणसाला कितपत झेपलं असतं?

त्यानंतरच्या चौदा वर्षांत ज्या गोष्टी दिसायला हव्या होत्या त्या सगळ्या घरात रोज दिसत होत्या. वैशालीची उंची १४२ सेंटीमीटरवर थांबली. आई म्हणायची, आमच्या घराण्यातच बुटकेपणा आहे. धाकटा भाऊ पावणेसहा फुटांचा झाला तरी हे उत्तर बदललं नाही. शाळेत गणित कधी जमलं नाही. समजत नव्हतं असं नाही, वेळ पुरत नव्हता. पेपर अर्धा कोरा राहायचा. दहावीला गणित राहिलं, दुसऱ्यांदा निघालं. शिक्षकांनी ‘मंद’ ठरवून मागच्या बाकावर बसवलं. लहान वयात डोक्याला शेक मिळालेल्या मुलांमध्ये, त्यातही मुलींमध्ये, लक्ष टिकणं आणि कामाचा वेग या दोन्हीवर परिणाम होतो, आणि गणितात तो सगळ्यात आधी जाणवतो. पीयूष ग्रंथीतून येणारं ग्रोथ हॉर्मोनही कमी पडू शकतं. वाढीच्या वयात हे तपासलं असतं तर निदान काय चाललंय ते कळलं असतं. पण ज्या घराला आजार विसरायचा होता त्याला तपासायला कोण नेणार?

आजार विसरायचा होता, कारण मुलगी होती. मामा-काकांपलीकडे कुणाला ल्युकेमियाची माहिती नव्हती. ‘लहानपणी तापाने आजारी होती’ एवढंच ठरलं होतं. स्वतः वैशालीला ‘रक्तात काहीतरी झालं होतं’ यापेक्षा जास्त ठाऊक नव्हतं.

अडचण

२०२२ च्या उन्हाळ्यात वैशाली महाल भागातल्या एका पतसंस्थेत कारकून होती. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. एप्रिलमध्ये जिना चढताना डाव्या पायातली चप्पल मागे राहायला लागली. दोन पायऱ्या वर गेल्यावर तळव्याला फरशी लागायची तेव्हा कळायचं. तिने चप्पल बदलली. मग मागे पट्टा असलेली सँडल घेतली, तर तिचं टोक पायरीला अडकायला लागलं. मे महिन्यात भर उन्हात बर्डीवर ती पडली आणि घरच्यांनी ऊन लागलं म्हणून कांद्याचा रस, कैरीचं पन्हं सुरू केलं.

जूनमध्ये धंतोलीतल्या एका हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. पाय उचलत नाही म्हटल्यावर कंबर तपासणं हे चुकीचं नव्हतं. कंबरेच्या एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये चकतीचा किरकोळ फुगवटा निघाला. असा फुगवटा काहीच त्रास नसलेल्या कितीतरी लोकांतही सापडतो, पण कागदावर काही तरी सापडलं की शोध तिथेच थांबतो. नस दबली आहे, फिजिओथेरपी करा. डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी काही आजार? आई म्हणाली, काही नाही.

इथे खरं सांगितलं असतं तर डॉक्टरांच्या डोक्यात निदान दोन वेगळ्या शंका आल्या असत्या. लहानपणी भरपूर स्टेरॉइड घेतलेल्यांमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते खचू शकतं. आणि डोक्याला शेक मिळाला असेल तर पायाच्या अशक्तपणाचं कारण थेट डोक्यात असू शकतं.

ते शेवटी लक्षात आलं नंदनवनमधल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंच्या. काही आठवडे व्यायाम देऊन पाऊल सुधारत नाही म्हटल्यावर त्यांनी पहिल्यापासून पुन्हा तपासलं. गुडघ्याखाली हातोडी मारली तर डावा पाय उजव्यापेक्षा जोरात उडाला. तळव्यावर किल्लीचं टोक ओढलं तर अंगठा खाली वळायच्या ऐवजी वर गेला. कंबरेत नस दबली तर हे प्रतिसाद मंदावतात, वाढत नाहीत. वाढले म्हणजे बिघाड मेंदूत किंवा मज्जारज्जूत. त्या स्पष्ट म्हणाल्या, ‘हे कंबरेचं नाही, वरचं आहे. मेंदूचा एमआरआय करा, या आठवड्यातच.’ चिठ्ठीही लिहून दिली.

चिठ्ठी देव्हाऱ्याच्या कपाटात राहिली. वैशालीची सोयरिक जुळत आली होती. साक्षगंधाची तारीख निघायची होती. मेंदूचा एमआरआय म्हटल्यावर बातमी फुटणार ही भीती, आणि एका एमआरआयवर आधीच पैसे गेलेले. आधी साक्षगंध, मग तपासणी असं ठरलं.

पोळ्याच्या आठवड्यात एका रात्री डाव्या पायाचा अंगठा आपोआप फडफडायला लागला. असं आधीही दोनदा झालं होतं, गोळा आला म्हणून तेल चोळलं होतं. या वेळी फडफड पोटरीत, मांडीत चढली आणि वैशाली बेशुद्ध झाली.

अपघात विभागातली रात्र

ज्या खाजगी दवाखान्यात तिला नेलं तिथे सीटी आणि मग एमआरआय झाला. उजव्या बाजूला, डोक्याच्या मध्यरेषेला लागून, मेंदूच्या आवरणाला चिकटलेली साडेतीन सेंटीमीटरची गाठ होती, भोवती सूज. डाव्या पायाची हालचाल चालवणारा मेंदूचा भाग नेमका तिथेच असतो. शिवाय डाव्या बाजूला, पुढच्या भागात, आठ मिलिमीटरची दुसरी छोटी गाठ.

दोन गाठी पाहून रेडिओलॉजिस्टने लिहिलं : मेनिंजिओमाची, म्हणजे मेंदूच्या आवरणातून उठणाऱ्या गाठीची, शक्यता, पण दुसरीकडून पसरलेला कर्करोग नाकारता येत नाही. सव्वीस वर्षांची मुलगी, दोन गाठी आणि ‘आधीचा आजार नाही’ असा इतिहास. याहून वेगळं त्यांनी तरी काय लिहावं? मूळ कर्करोग शोधायला छाती-पोटाचं सीटी आणि पेट स्कॅन झालं. त्यात काही सापडलं नाही. चार दिवस गेले, वीस हजारांच्या वर पैसे गेले, आणि त्या चार दिवसांत घरच्यांची समजूत झाली की कॅन्सर अंगभर पसरला आहे.

पेट स्कॅनच्या आधी एक छापील अर्ज भरून घेतात. त्यात ‘पूर्वी केमोथेरपी किंवा रेडिएशन घेतलं आहे का’ असा रकाना असतो. वडिलांनी तो कोरा सोडला. मग बाहेर येऊन तंत्रज्ञाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, ‘भाऊ, लहान असतानी हिच्या डोक्याले शेक देला होता. आता पोरीचं लगन जुळून रायलं, कागदावर नका लिहू.’

तंत्रज्ञाने कागदावर लिहिलं नाही, पण न्यूरोसर्जनना फोन केला. चित्र एका फोनने पालटलं. बालपणी डोक्याला किरण मिळालेल्या व्यक्तीत वीस-बावीस वर्षांनी आवरणाला चिकटलेल्या गाठी, त्याही एकापेक्षा जास्त : हे किरणांमुळे होणाऱ्या मेनिंजिओमाचं ओळखीचं रूप आहे.

ल्युकेमिया उलटला का, हा घरच्यांचा पहिला प्रश्न. नाही. उपचार संपून वीस वर्षं झाल्यावर ल्युकेमिया उलटणं अतिशय विरळ आहे, रक्ताचे आकडेही व्यवस्थित होते. ही नवी, वेगळी गाठ होती.

किरण आणि मेनिंजिओमा यांचं नातं जुनं आहे. इस्रायलमध्ये १९५० च्या दशकात हजारो मुलांच्या डोक्यातलं गजकर्ण घालवायला किरण वापरले होते. मेंदूला मिळालेला डोस सरासरी १.५ ग्रे, म्हणजे वैशालीच्या बाराव्या हिश्शाइतका. तरी पुढे त्या मुलांमध्ये मेनिंजिओमाचं प्रमाण इतरांच्या साधारण साडेनऊपट निघालं. उत्तर अमेरिकेत १९७० ते १९८६ मध्ये वेगवेगळ्या कर्करोगांवर उपचार झालेल्या मुलांच्या मोठ्या अभ्यासात तीस वर्षांत सुमारे ३ टक्के जणांना मेनिंजिओमा झाला, आणि कुठलीही नवी गाठ धरली तर सुमारे २० टक्के जणांना. ज्यांना किरण मिळालेच नाहीत त्यांचा धोका यापेक्षा बराच कमी. हे मुद्दाम लिहितो, कारण आज ज्यांच्या मुलाची केमो चालू आहे असे आईवडीलही हे वाचतील. इटोपोसाइडसारख्या काही औषधांनंतर दोन-तीन वर्षांतच दुसऱ्या प्रकारचा ल्युकेमिया होऊ शकतो, पण तो वेगळा विषय.

जुनी फाईल

सर्जनना नेमका डोस हवा होता, आणि भूलतज्ज्ञांना औषधांची नावं. जुन्या दवाखान्यात नोंदी शिल्लक नव्हत्या. भारतात डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार भरतीच्या नोंदी तीन वर्षं जपण्याचं बंधन आहे. बावीस वर्षांनी काही मिळेल ही अपेक्षाच चूक.

फाईल वडिलांकडे होती. आईने घर बदलताना सगळे कागद फेकायला काढले होते. वडिलांनी ते उचलून दुकानात, ट्यूबच्या खोक्यांमागे एका पत्र्याच्या पेटीत घरटॅक्सच्या पावत्यांखाली ठेवले. बायकोला कधी सांगितलं नाही. पेटी उघडली तेव्हा मी तिथे होतो. वंगणाचे डाग पडलेलं निळं डिस्चार्ज कार्ड, कोबाल्ट मशीनच्या विभागाचं छोटं कार्ड, त्यावर दहा तारखा आणि प्रत्येकीपुढे सही, खाली ‘एकूण १८०० सेंटीग्रे’. एका वहीत वडिलांनी स्वतः प्रत्येक इंजेक्शनचं नाव, तारीख आणि किंमत लिहिली होती. स्पेलिंग चुकीची, पण ओळखता येत होती. हिशेब राहावा म्हणून लिहिली होती. त्या वहीवरून डॉनोरुबिसिनचा एकूण डोस काढता आला.

पर्याय

न्यूरोसर्जननी तीन रस्ते मांडले.

थांबून पाहणं. छोट्या गाठीसाठी हेच ठरलं. मोठीसाठी ते शक्य नव्हतं : झटका येऊन गेला होता, पाय कमजोर होत होता, सूज होती.

रेडिओसर्जरी, म्हणजे गाठीवर नेम धरून एकवट किरण. कवटी उघडावी लागत नाही म्हणून आईला हा रस्ता पसंत होता. कुणीतरी व्हॉट्सअॅपवर माहितीही पाठवली होती. पण साधारण तीन सेंटीमीटरच्या वर गाठ गेली की हा उपाय अवघड होतो, मध्यरेषेजवळच्या गाठींत नंतर सूज वाढायची भीती असते, आणि गाठीचा नमुना हाती येत नाही. ज्या किरणांमुळे गाठ झाली तेच पुन्हा द्यायचे, हा प्रश्न वडिलांनी विचारला, आणि तो अगदी योग्य होता. सर्जनचं उत्तर असं : पुन्हा देता येतच नाहीत असं नाही, पण ते शेवटच्या गरजेसाठी हातात राखून ठेवू.

तिसरा रस्ता ऑपरेशनचा. गाठीला लागून मेंदूतलं रक्त वाहून नेणारी मोठी शीर जाते. तिला इजा झाली तर जीवावर बेतू शकतं, आणि पाय काही काळ आणखी कमजोर होण्याची शक्यता होतीच. ते स्वीकारून ऑपरेशन ठरलं.

नागपूर की मुंबई यावर घरात दोन दिवस वाद झाला. मामांचा आग्रह मुंबईचा. माझं मत नागपूरचं होतं आणि ते मी सांगितलं. मेनिंजिओमा काढण्याचं कौशल्य इथे आहे, खरी अडचण ऑपरेशननंतरच्या महिन्यांत येते, आणि तेव्हा घर जवळ लागतं. केशरी रेशन कार्ड होतं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसत होतं. त्या खाजगी दवाखान्यातून आमच्या रुग्णालयात ती आली ती याच कारणाने. नमुन्याच्या काचा मात्र दुसऱ्या मतासाठी मुंबईला पाठवायच्या ठरल्या.

ऑपरेशनच्या आधी

हा भाग छोटा वाटतो, पण डॉक्टर वाचकांनी इथे थांबावं.

डॉनोरुबिसिन हृदयाच्या स्नायूवर उशिरा परिणाम करू शकतं, म्हणून भूल देण्याआधी इको झाला. हृदय ठीक निघालं. थायरॉइड मंद होता आणि त्यात सहा मिलिमीटरची गाठ दिसली. डोक्याला किरण देताना मानेवर थोडे सांडतात, त्यामुळे थायरॉइडच्या गाठींचं प्रमाणही अशा मुलांमध्ये वाढतं. तिच्या गळ्याला बावीस वर्षांत कुणी हात लावून पाहिलं नव्हतं. २००० साली तिला रक्त चढवलं होतं आणि रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये, म्हणून तीही चाचणी केली. नकारात्मक आली.

राहिला कॉर्टिसोल. डोक्याला किरण मिळालेल्या रुग्णाची पीयूष ग्रंथी नीट चालते का, हे मोठ्या ऑपरेशनआधी कळायला हवं. शरीराला ताण सोसायला लागणारं हे हॉर्मोन कमी पडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. पण अपघात विभागात पहिल्याच तासात सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झालं होतं, आणि ते सुरू झालं की कॉर्टिसोलचा आकडा निरुपयोगी. इतिहास माहीत असता तर पहिल्या सुईबरोबरच तपासणीसाठी रक्ताचा एक नमुना बाजूला ठेवता आला असता. आता ग्रंथी मंद आहे असं धरूनच स्टेरॉइडचं संरक्षण देत ऑपरेशन केलं.

झटक्यांसाठी लेव्हेटिरासिटाम चालू ठेवलं. मूल होण्याच्या वयातल्या मुलीला व्हॅल्प्रोएट हे झटक्यांचं दुसरं औषध शक्यतो देत नाहीत, कारण गर्भावर त्याचे दुष्परिणाम होतात.

ऑपरेशन आणि त्यानंतरचा निर्णय

सप्टेंबरअखेरीस ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. शिरेच्या भिंतीला जिथे ती चिकटली होती ती जागा जाळली. शुद्धीवर आल्यावर डावं पाऊल अजिबात हलत नव्हतं. ही शक्यता आधी सांगितलेली असूनही आईने माझ्याशी दोन दिवस बोलणं सोडलं. तिसऱ्या आठवड्यात अंगठा हलला. प्लास्टिकची पट्टी बांधून ती चालायला लागली, आणि व्यायामासाठी हट्टाने नंदनवनच्या त्याच ताईंकडे गेली.

नमुन्याचा अहवाल दुसऱ्या दर्जाचा आला. पहिला दर्जा म्हणजे साधी, सावकाश वाढणारी गाठ. दुसरा म्हणजे परत येण्याची शक्यता जास्त. किरणांमुळे झालेल्या मेनिंजिओमांत दुसऱ्या दर्जाच्या गाठी तुलनेने जास्त असतात. मुंबईच्या मतानेही तेच सांगितलं.

या प्रकरणातला सगळ्यात कठीण निर्णय हा होता. दुसऱ्या दर्जाची गाठ अर्धवट निघाली असेल तर पुढे किरण देतात, यावर फारसा वाद नसतो. पूर्ण निघाली असेल तर दोन्ही बाजूंनी बोलणारे तज्ज्ञ आहेत. आमच्या बैठकीत किरणोपचाराच्या डॉक्टर देण्याच्या बाजूने होत्या : गाठ परत आली तर दुसरं ऑपरेशन त्या शिरेजवळ आणखी धोक्याचं ठरेल. सर्जन विरोधात होते : वय २६, डोक्यावर आधीचे १८ ग्रे, आकलनाचा वेग मुळातच कमी. दोघांचंही म्हणणं वैशालीसमोर मांडलं गेलं. आईवडिलांना बाहेर बसवून, फक्त तिच्यासमोर. तिने विचारलं, ‘आता घेतला नाही आणि गाठ परत आली, तर तेव्हा घेता येईल ना?’ येईल. ‘मग तेव्हा पाहू.’ सुरुवातीला तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी एमआरआय या अटीवर किरण तूर्त न देण्याचं ठरलं.

घर आणि सोयरिक

मुलाकडच्यांना सांगायचं की नाही, याबद्दल माझ्याकडे तिघांनी तीन वेगळ्या विनंत्या केल्या. आई : गाठ सांगा, ल्युकेमिया नको. वडील : काहीच नको. वैशाली : मला आधी नीट सांगा मला काय झालं होतं. तिचा हक्क पहिला होता. तिला फाईल दाखवली, कोबाल्टचं कार्ड दाखवलं. ती बराच वेळ वडिलांची वही वाचत बसली आणि एका इंजेक्शनची किंमत पाहून म्हणाली, ‘काहून विकलं होतं आईनं मंगळसूत्र, ते आता समजलं.’

मुलाला तिने स्वतः सांगितलं, सगळं. मुलगा तयार होता, त्याच्या घरचे नव्हते. साक्षगंध झालं नाही. याबद्दल तिला फार बोलायचं नाही, म्हणून मीही थांबतो.

तिचे डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मात्र लिहून ठेवण्यासारखे होते. मूल होईल का? पाळी नियमित आहे, पोटाला किरण नाहीत, त्यामुळे बहुधा हो. गरोदरपणात इको करावा लागेल. मुलाला कॅन्सर होईल का? घराण्यात आनुवंशिक दोष नसेल तर बालपणी कर्करोगातून बऱ्या झालेल्यांच्या मुलांना इतरांपेक्षा जास्त धोका दिसलेला नाही. आणि एक गोष्ट तिने विचारली नव्हती, स्त्रीरोगतज्ज्ञांनी आपणहून सांगितली : सरकारी दवाखान्यांत गर्भनिरोधासाठी मिळणारं ‘अंतरा’ इंजेक्शन घ्यायचं नाही. त्यातलं मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन दीर्घकाळ घेतल्यास मेनिंजिओमाचा धोका वाढतो. आशाताईंना हे माहीत असण्याची शक्यता कमी, म्हणून कार्डावर ठळक लिहून दिलं.

वेगळं काय करता आलं असतं

एप्रिलमध्ये चप्पल सुटायला लागली, सप्टेंबरअखेरीस ऑपरेशन. या पाच महिन्यांतला मोठा हिस्सा वाचवता आला असता. लक्षण नसताना दरवर्षी एमआरआय करायला हवा होता, असा याचा अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सरसकट तसं सांगत नाहीत, तो निर्णय रुग्ण आणि डॉक्टरांनी मिळून घ्यायचा. पण डोक्याला किरण मिळालेल्या माणसाला नवी डोकेदुखी, झटका, हातापायाची कमजोरी किंवा नजरेत बदल जाणवला तर मेंदू आधी तपासायचा, एवढं तिला आणि तिच्या घराला कुणीतरी सांगायला हवं होतं. २००८ च्या त्या शेवटच्या भेटीत ते पाच मिनिटांचं काम होतं.

एका पानाचा सारांशही तेव्हाच देता आला असता : आजाराचं नाव, तारखा, प्रत्येक औषधाचा एकूण डोस, किरण कुठे आणि किती, रक्त कधी चढवलं. आता आमच्याकडे असं पान देतो; मूळ फाईलऐवजी पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा असं सांगतो. तरी ते लपवलं जाणारच, विशेषतः मुलींचं. म्हणून डॉक्टरांनी प्रश्नच बदलावा असं मला वाटतं. ‘आधी काही आजार?’ याला उत्तर ‘नाही’ असंच येतं. ‘लहानपणी दवाखान्यात महिनोन्महिने राहावं लागलं का? डोक्याला किंवा अंगाला शेक दिला होता का?’ असं, रुग्णाला एकटीला गाठून विचारलं तर उत्तर बदलतं. पण वैशालीला एकटीला विचारलं असतं तरी तिलाच पुरतं ठाऊक नव्हतं, आणि दोष द्यायचाच तर या ठिकाणी द्यावा लागेल. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलीला तिचा आजार सांगायला हवा होता. आईवडिलांना ते एकट्याने जमत नाही, त्यासाठी कुणीतरी सोबत बसावं लागतं.

पेट स्कॅनचा खर्च आणि ते चार दिवस टळले असते, कॉर्टिसोल वेळेवर झालं असतं. गाठ मात्र टळली नसती.

सध्याची स्थिती

स्टेरॉइड बंद केल्यावर कॉर्टिसोल पुन्हा तपासलं, ते ठीक आहे. ग्रोथ हॉर्मोन कमी निघालं, पण डोक्यात गाठ असताना ते बाहेरून देत नाहीत. थायरॉइडची गोळी रोज चालू आहे, गळ्याची सोनोग्राफी वर्षातून एकदा. पायाची पट्टी आठ महिन्यांनी सुटली. पतसंस्थेने तिला खाली काउंटरवर बसवलं आहे. वेग कमी असला तरी तिच्या खतावणीत चूक सापडत नाही, असं तिथले व्यवस्थापक सांगतात. झटका पुन्हा आलेला नाही, गोळी चालू आहे. कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलामुलींच्या ‘उगम’ या गटाशी तिची ओळख करून दिली. तिथे ती फारशी बोलत नाही, पण संदेश सगळे वाचते.

काढलेल्या गाठीची जागा आजवरच्या सगळ्या एमआरआयमध्ये स्वच्छ आहे. डाव्या बाजूची छोटी गाठ आठ मिलिमीटरची नऊ झाली. एक मिलिमीटर हा मोजणीतला फरकही असू शकतो, असं रेडिओलॉजिस्टचं म्हणणं. पुढच्या वेळी ती दहाच्या वर गेली तर राखून ठेवलेल्या रेडिओसर्जरीचा विचार पुन्हा बैठकीत येईल. गाठ लहान असल्यामुळे या वेळी तो रस्ता उघडा आहे, आणि सर्जन व किरणोपचाराच्या डॉक्टर यांचं त्यावर अजून एकमत झालेलं नाही. एमआरआयची फी योजनेत बसत नाही. वडिलांनी त्यासाठी तिच्याच पतसंस्थेत रोजच्या बचतीचं खातं काढलं आहे.